जागा भरली, जानेवारीत ये

२०१० च्या ऑगस्टमध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघात नव्याने आलेल्या एका मुलाला मुख्य प्रशिक्षकांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, की यंदा तुझ्यासाठी स्कॉलरशिप शिल्लक नाही. मुलगा त्याच राज्यातला, नुकतीच शाळा संपवलेला. फेब्रुवारीत त्याने रीतसर सही केली होती आणि सामानसुमान घेऊन तो बॅटन रूजच्या वसतिगृहात राहायलाही आला होता. झालं होतं असं, की संघाने हातातल्या जागांपेक्षा जास्त मुलांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या. त्यांतले काही जण प्रवेशासाठी लागणाऱ्या गुणांत कमी पडतील आणि हिशेब आपोआप जुळेल, असा अंदाज होता. तो चुकला. मुलं अभ्यास करून पात्र ठरली आणि त्यामुळेच जागा कमी पडल्या. या मुलापुढे तोडगा ठेवला गेला: हे सत्र बाहेर थांब, जानेवारीत प्रवेश घे, तेव्हा पुढल्या वर्षाच्या कोट्यातून तुझी सोय करू. तो दुखावला आणि केंटकी विद्यापीठात निघून गेला. पुढे तो परतही आला, आधी स्कॉलरशिपशिवाय, आणि काही वर्षांनी त्याच संघाच्या मुख्य फळीत खेळला. त्याचं भलं झालं याचा आनंद आहे. पण म्हणून त्या ऑगस्टमधला व्यवहार योग्य ठरत नाही. तो व्यवहार त्या वेळच्या सगळ्या नियमांत बसत होता.

या थांबवून ठेवण्याला तिथे ‘ग्रेशर्ट’ म्हणतात. ‘रेडशर्ट’ वेगळा. रेडशर्ट झालेला खेळाडू कॉलेजात असतो, फी माफ असते, संघाबरोबर सराव करतो, फक्त त्या वर्षी जवळजवळ सामने खेळत नाही. ग्रेशर्ट झालेला मुलगा कॉलेजच्या दाराबाहेर असतो. शाळेतले त्याचे मित्र ऑगस्टमध्ये आपापल्या विद्यापीठांत गेलेले असतात आणि हा घरी, जानेवारीची वाट बघत.

आपल्याकडच्या वाचकाला प्रश्न पडेल, की कॉलेजच्या खेळासाठी एवढा आटापिटा कशाला. अमेरिकेत या हातात चेंडू धरून खेळायच्या फुटबॉलचं कॉलेजातलं स्थान आपल्याकडच्या कुठल्याच आंतरविद्यापीठ स्पर्धेवरून समजणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,००० हून अधिक लोक बसतात आणि शनिवारी ते भरतं. टेक्ससमध्ये तर हे शाळेपासूनच सुरू होतं. डॅलसच्या उत्तरेला ॲलन नावाच्या गावात सरकारी शाळेसाठी २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर खर्चून १८,००० आसनांचं स्टेडियम उभं राहिलं. त्याच्या आसपासच्या प्लेनो आणि फ्रिस्को या गावांत आज शेकडो मराठी कुटुंबं राहतात. त्यांची मुलं याच शाळांत जातात, शुक्रवारी रात्री याच दिव्यांखाली बसतात, आणि त्यांतला एखादा अंगापिंडाने भरलेला मुलगा मैदानातही उतरतो. हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

आता हिशेब. कॉलेज खेळांची सर्वोच्च संघटना एनसीएए. तिच्या नियमानुसार वरच्या गटातल्या विद्यापीठाला एका वेळी फुटबॉलच्या ८५ स्कॉलरशिप देता येत, आणि एका वर्षात नवे खेळाडू घ्यायचे ते जास्तीत जास्त २५. मुलगा चार-पाच वर्षं संघात राहतो. दरवर्षी २५ घेतले तर चार वर्षांत १०० होतात, पाच वर्षांत १२५. म्हणजे ८५ चा आकडा जुळायचा तर दरवर्षी काही मुलं गळायलाच हवीत. कुणी जखमी होतो, कुणी नापास होतो, कुणी दुसरीकडे जातो, कुणी व्यावसायिक संघात जातो. किती गळतील हे फेब्रुवारीत कुणालाच कळत नसे आणि सह्या मात्र तेव्हा फेब्रुवारीतच घ्यायच्या असत. प्रशिक्षकाची ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. जागा रिकामी ठेवली तर संघ कमकुवत राहतो, जास्त मुलं घेतली तर कुणाला तरी थांबवावं लागतं. आणि जो जास्त मुलं घेतो त्याला एक छुपा फायदा मिळतो: अधिक मुलं पारखून घेता येतात. २००६ ते २०१२ या सलग सात मोसमांत राष्ट्रीय विजेतेपद साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी या आग्नेय अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गटातल्या संघांकडे होतं, आणि जादा सह्यांच्या सगळ्यात मोठ्या तक्रारीही तिथल्याच होत्या. निव्वळ त्यामुळे ते जिंकले असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, पण प्रतिस्पर्ध्यांना ते खुपत होतं ते उगाच नाही.

अनिश्चितता आहे हे मान्य. तिचा भार कुणी उचलायचा, एवढाच वाद आहे.

विमान कंपन्याही हेच करतात. काही प्रवासी येणार नाहीत हे धरून त्या आसनांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. पण सगळेच आले तर अमेरिकेच्या कायद्याने कंपनीला आधी विचारावं लागतं, की कुणी आपखुशीने मागे राहायला तयार आहे का. कुणी तयार नसेल आणि कुणाला सक्तीने उतरवलं, तर बहुतेक वेळा त्याला रोख भरपाई द्यावी लागते. जास्त तिकिटं विकण्याचा फायदा कंपनीने घेतला, तर अंदाज चुकल्याची किंमतही कंपनीनेच मोजायची, एवढं साधं तत्त्व त्यामागे आहे. तीन तासांच्या विमानप्रवासाला जे संरक्षण आहे ते चार वर्षांच्या शिक्षणाला नव्हतं.

ग्रेशर्टच्या त्या चार-पाच महिन्यांत मुलाच्या वाट्याला काय येतं ते बघायला हवं, कारण ‘एक सत्र तर आहे’ असं म्हणून हा विषय फार सहज उडवला जातो. पूर्णवेळ प्रवेश घेतला की खेळाच्या पात्रतेचं, म्हणजे कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या मुदतीचं, पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं, मग तो प्रवेश गावच्या कम्युनिटी कॉलेजातला का असेना. म्हणून त्याला पूर्णवेळ शिकता येत नाही. सत्राला १२ क्रेडिटच्या आतच राहावं लागतं. अर्धवेळ विद्यार्थी म्हटल्यावर सरकारी मदत, पेल ग्रँट वगैरे, त्या प्रमाणात कमी होते. फी, पुस्तकं, राहणं, खाणं सगळं घरच्यांच्या खिशातून. संघाबरोबर सराव करता येत नाही, संघाचा डॉक्टर नाही, संघाचं जेवण नाही. शरीर मात्र जानेवारीपर्यंत संघाच्या मापाने कमवून ठेवायचं. गावच्या व्यायामशाळेत वजन उचलताना गुडघा गेला, तर तो कुणाचा गुडघा? विद्यापीठाचा नक्कीच नाही.

ज्याच्या बापाची पगाराची नोकरी आहे, घरी आरोग्यविमा आहे, त्याला हे जड जात नाही. त्याचं एक सत्र बाजूला पडतं, एवढंच. पण या खेळातली कितीतरी मुलं अशा घरांतली आहेत, जिथे स्कॉलरशिप हाच कॉलेजात जाण्याचा एकमेव रस्ता असतो. दक्षिणेतल्या लहान गावांतली गरीब, बरीचशी कृष्णवर्णीय मुलं. अशा घरात कमावता हात ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत नुसता बसून राहत नाही. तो गोदामात कामाला लागतो, आणि एकदा लागला की जानेवारीत बॅग भरून निघणं दर आठवड्याला थोडं थोडं अवघड होत जातं.

आणि मग नोव्हेंबर येतो. अमेरिकेत फुटबॉल प्रशिक्षकांना काढून टाकायचा मोसम म्हणजे नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरची सुरुवात. ग्रेशर्टचं वचन बहुतेक वेळा तोंडी असतं आणि ते दिलेलं असतं त्या प्रशिक्षकाने. तो गेला, की नवा माणूस आपल्या पसंतीची मुलं घेऊन येतो. जानेवारीच्या भरवशावर बसलेल्या मुलाचं नाव त्याच्या यादीत असेलच असं नाही. प्रशिक्षकाच्या खुर्चीलाच जिथे जानेवारीची खात्री नाही, तिथे तो जानेवारीची खात्री दुसऱ्याला कशी देतो?

थांबवणं मुळातच वाईट आहे असं मात्र मला म्हणायचं नाही. यूटामधल्या ब्रिगहम यंग विद्यापीठात मॉर्मन पंथाची मुलं सही करतात आणि मग दोन वर्षं धर्मकार्यासाठी दूर कुठेतरी जातात. दोन वर्षं! परत येतात तेव्हा त्यांची जागा त्यांच्यासाठी असते, आणि एनसीएएच्या नियमांतही त्या काळापुरतं पात्रतेचं घड्याळ थांबवलं जातं. अमेरिकन नौदलाच्या अकादमीत थेट प्रवेशाला गुण कमी पडलेल्या मुलांना, त्यांत फुटबॉलपटूही आले, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या पूर्वतयारी शाळेत वर्षभर ठेवतात. तिथे त्यांना शिकवलं जातं, खाऊ घातलं जातं, वर पगारही मिळतो. ही दोन्ही उदाहरणं ग्रेशर्टपेक्षा लांबलचक विलंबाची आहेत आणि दोन्हींत मला काही खटकत नाही. पहिल्यात थांबायचा निर्णय मुलाचा स्वतःचा. दुसऱ्यात निर्णय संस्थेचा, आणि म्हणून खर्चही संस्थेचा. ग्रेशर्टमध्ये निर्णय संस्थेचा आणि खर्च मुलाचा.

प्रशिक्षकांची बाजू ऐकली तर तीन मुद्दे येतात आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला, की ग्रेशर्टमुळे ज्याला एरवी मोठ्या संघाने विचारलंही नसतं अशा मुलाला संधी मिळते. खरं आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी उशिरा चमकलेल्या मुलाला प्रशिक्षक जर आधीच म्हणाला, की ऑगस्टला जागा नाही, जानेवारीला आहे, हवी तर घे, तर त्यात फसवणूक कुठे आहे? मुलगा सगळं समजून हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. अशा उघड ग्रेशर्टवर माझा आक्षेप फक्त खर्चापुरता आहे. दुसरा मुद्दा, की जखमी मुलाला बरं व्हायला वेळ मिळतो. हाही खरा, पण इथे सावध राहायला हवं. २०११ मध्ये अलाबामा विद्यापीठाला आधीच शब्द दिलेल्या, अटलांटाच्या एका मुलाच्या गुडघ्याला शाळेच्या शेवटच्या मोसमात दुखापत झाली. २०१२ च्या सुरुवातीला, सह्यांचा दिवस काही आठवड्यांवर आला असताना त्याला कळलं, की आता तुझी ऑफर ग्रेशर्टची आहे. तोही केंटकीलाच गेला. त्याच्या बरं होण्यासाठीच हे होतं, तर दुखापत झाली त्याच महिन्यात त्याला ते का सांगितलं गेलं नाही? तेव्हा इतर संघांत जागा होत्या. त्याला सांगेपर्यंत बऱ्याचशा भरल्या होत्या.

वेळ हाच या प्रकरणातला सगळ्यात मोठा दगा आहे, असं माझं मत झालं आहे. नोव्हेंबरमध्ये सांगितलं तर ती माहिती असते. तीच गोष्ट जानेवारीच्या अखेरीला सांगितली तर तो पेच असतो आणि ऑगस्टमध्ये सांगितली तर ती सक्ती होते. वाक्य तेच, फक्त समोरच्याकडे उरलेल्या वाटा कमी होत गेलेल्या असतात. आणि वाटा किती उरल्या आहेत हे प्रशिक्षकाला मुलापेक्षा जास्त चांगलं ठाऊक असतं, कारण इतर संघांच्या जागा कशा भरत आल्या आहेत यावर त्याची रोज नजर असते.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो: मुलं तरी कुठे शब्द पाळतात? एका संघाला हो म्हणायचं आणि शेवटच्या आठवड्यात कॅमेऱ्यापुढे दुसऱ्याचीच टोपी डोक्यावर चढवायची. हे होतं, दरवर्षी होतं, आणि मला ते आवडत नाही. पण दोन्ही पारडी सारखी नाहीत. सतरा वर्षांच्या मुलाने शब्द फिरवला तर प्रशिक्षक यादीतलं पुढचं नाव काढतो. प्रशिक्षकाने शब्द फिरवला तर मुलाच्या यादीत पुढचं नाव नसतंच कदाचित. शिवाय एका बाजूला वकील आणि एजंट बाळगणारा, काही ठिकाणी तर राज्यातला सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर, आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या सहीशेजारी आईबापांची सही लागते असा अल्पवयीन. दोघांकडून सारख्याच पोक्तपणाची अपेक्षा करणं म्हणजे मोठ्याने जबाबदारीतून अंग काढून घेणं आहे.

करारपत्राचीही हीच गत होती. १९६४ पासून चालत आलेल्या नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर सही केली, की इतर विद्यापीठांनी त्या मुलाशी बोलणी थांबवायची. मुलाने ठरलेल्या विद्यापीठात जायचं टाळलं तर त्याला खेळाच्या पात्रतेत दंड. ज्या प्रशिक्षकासाठी सही केली तो दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून गेला, तरी मुलगा बांधलेलाच. आणि त्या बदल्यात मिळणारी स्कॉलरशिप १९७३ पासून एका वर्षाची, दरवर्षी नूतनीकरण प्रशिक्षकाच्या मर्जीवर. अनेक वर्षांची स्कॉलरशिप द्यायला परवानगी पुन्हा मिळाली ती २०१२ मध्ये, तीही विद्यापीठांच्या मोठ्या विरोधानंतर.

हे सगळं आतल्या लोकांना खुपत नव्हतं असं नाही. २००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने एका दमात ३७ मुलांच्या सह्या घेतल्या, तेव्हा एसईसीने २८ ची मर्यादा घातली. फ्लोरिडा विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नी मेचन यांनी २०११ च्या सुरुवातीला जाहीर लेख लिहून ग्रेशर्टच्या या प्रथेला नैतिकदृष्ट्या निंद्य म्हटलं. विद्यापीठाच्या अध्यक्षाने आपल्याच कॉन्फरन्समधल्या धंद्याबद्दल इतकं स्पष्ट बोलणं ही तिथे साधी गोष्ट नव्हे. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर फ्लोरिडातल्या डेस्टिन इथे एसईसीची बैठक झाली आणि विद्यापीठांच्या अध्यक्षांनी सह्यांची मर्यादा २५ वर आणली. प्रशिक्षकांचा विरोध होता, तो बाजूला सारून. पुढे २०१७ मध्ये एनसीएएनेही देशभरासाठी २५ ची पक्की मर्यादा ठरवली. मेचन आणि त्यांच्या सहकाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. शैक्षणिक संस्था चालवणाऱ्यांनी मैदानावरच्या यशापुढे मान तुकवली नाही, असे प्रसंग या खेळाच्या इतिहासात मोजकेच आहेत.

तरीही दुखणं बरं झालं नाही, त्याची जागा बदलली. सह्यांवर मर्यादा आली, तोंडी ऑफरींवर नाही. २५ जागांसाठी शेकड्यांनी ऑफर जाऊ लागल्या. नववी-दहावीतल्या, कधीकधी त्याहूनही लहान मुलांना ‘ऑफर’ मिळते, ते आनंदाने सगळ्या जगाला सांगतात, आणि शेवटच्या वर्षी मुलगा हो म्हणायला फोन करतो तेव्हा कळतं, की ही ऑफर आत्ता स्वीकारता येण्यासारखी नाही, थोडं थांब. जी ऑफर स्वीकारता येत नाही तिला ऑफर म्हणायचं कशाला? लेखी ऑफर पाठवायची मुभा शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या १ ऑगस्टपासूनच असते. त्याआधीचे सगळे शब्द हवेत. मुलगा मात्र त्या शब्दांवर विसंबून दोन-तीन वर्षं इतरांना नाही म्हणत राहतो.

आता काळ बदलला, खेळाडूंच्या हाती पैसा आला, मग जुनं उकरून काय काढायचं, असं कुणी विचारेल. बदल मोठे आहेत हे खरं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिराती वगैरेंतून, कमाई करायची मोकळीक मिळाली, संघ बदलणं सोपं झालं. वर्षाला २५ ची मर्यादा २०२२ मध्ये आधी स्थगित आणि पुढे रद्द झाली. लेटर ऑफ इंटेंट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इतिहासजमा झालं. आणि ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध भरलेल्या दाव्यातली ती मोठी तडजोड मंजूर केली, जिच्यामुळे विद्यापीठं पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम थेट आपल्या खेळाडूंना वाटू शकतात.

पण याच तडजोडीने ८५ स्कॉलरशिपची अट काढून तिच्या जागी संघात एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आणली. आधी स्कॉलरशिपविना खेळणारे धरून संघ त्याहून बरेच मोठे असत. म्हणजे बहुतेक ठिकाणी काही मुलं जास्त झाली. मंजुरी मिळण्याआधीच विद्यापीठांनी मुलांना कमी करायला सुरुवात केली होती. ज्यांना जागा कबूल केली होती अशा शाळकरी मुलांनाही कळवलं गेलं, की आता जागा नाही. त्यांच्या तक्रारी न्यायालयापुढे आल्या आणि विल्कनबाईंनी एप्रिलमध्ये तडजोड अडवून धरली. या मुलांचं काय ते आधी ठरवा, म्हणाल्या. त्यातून तोडगा निघाला: अशा मुलांची यादी करायची आणि ती मुलं १०५ च्या मोजणीत धरायची नाहीत. ऐकायला छान. पण त्यांना परत घ्यायचं की नाही हे विद्यापीठाच्या मर्जीवर सोडलं. दिलेला शब्द पाळायला आडवा येणारा नियम दूर झाला, शब्द पाळायची सक्ती मात्र झाली नाही. २०१० चा तो ऑगस्ट आणि २०२५ चा हा एप्रिल यांच्यामध्ये पंधरा वर्षं, अब्जावधी डॉलर आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. वरच्या आकड्यात बदल झाला की त्याची झळ अजूनही सगळ्यात आधी यादीतल्या शेवटच्या मुलालाच बसते.

विद्यापीठांना शब्द पाळता येत नाही, असंही नाही. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला काढलं, तेव्हा करारातल्या कलमांमुळे त्याला साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणं विद्यापीठावर बंधनकारक होतं. काम न करण्यासाठी. कारण ते लिहून दिलेलं होतं आणि त्याच्या मागे वकील उभे होते. आज खेळाडूंशी होणाऱ्या पैशांच्या करारांतही, मुलगा मध्येच सोडून गेला तर रक्कम परत मागायची कलमं येऊ लागली आहेत. स्वतःचं नुकसान टाळायचं असतं तेव्हा याच संस्थांना तारखा, अटी आणि दंड अगदी काटेकोर लिहिता येतात. ‘भरतीचं जग अनिश्चित असतं’ हे त्यांना आठवतं ते फक्त मुलाला लिहून द्यायची वेळ येते तेव्हा.

म्हणून माझी मागणी थोडकी आणि ठोस आहे. ऑफर देताना कोणत्या सत्रापासून, हे लेखी द्यावं. जानेवारीची ऑफर असेल तर ती जानेवारीची आहे हे सहीच्या आधी, इतर संघांत जागा असताना सांगावं. सहीनंतर ऑगस्टची जानेवारी करायची वेळ आलीच, तर आधी कुणी आपखुशीने थांबतो का हे विचारावं. कुणी तयार झालं नाही तर ज्याला थांबवलं त्याची त्या सत्राची फी, राहण्या-खाण्याचा खर्च आणि आरोग्यविमा विद्यापीठाने भरावा, आणि त्याला दुसरीकडे जायचं असेल तर एका दिवसात, विनादंड मोकळं करावं. ज्या संस्था आता वर्षाला दोन कोटी डॉलर वाटू शकतात त्यांना एका मुलाच्या एका सत्राचा खर्च जड नाही. तो भरावा लागतो म्हटल्यावर जादा सह्यांचा मोहही आपोआप आवरेल. आणि या कागदावर सही प्रशिक्षकाची नको, क्रीडा विभागाच्या प्रमुखाची हवी, कारण माणूस जातो आणि संस्था राहते.

हे नियम येईपर्यंत घरच्यांनाच सावध राहावं लागेल. टेक्सस, जॉर्जिया, न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी आईबापांना मी हे विशेष सांगेन, कारण मोठ्या माणसाला, त्यातून मुलाच्या ‘सरां’ना, अडचणीचे प्रश्न विचारायचे नाहीत असं आपल्यावर बिंबवलेलं असतं. प्रशिक्षक घरी येईल, चहा घेईल, पोहे खाईल, मुलाच्या खांद्यावर हात ठेवेल. त्याचं आदरातिथ्य जरूर करा. मग विचारा, की ही ऑफर आज स्वीकारली तर आज पक्की होते का. यंदा तुमच्या हातात जागा किती आणि हो म्हणालेली मुलं किती. ऑगस्टला जागा उरली नाही तर कुणाला थांबवायचं हे कसं ठरवता, आणि गेल्या तीन वर्षांत किती जणांना थांबवलंत. थांबवलेल्यांपैकी जानेवारीत खरोखर आत किती आले. आणि हे सांगणारे तुम्ही जानेवारीत इथे नसलात, तर आम्ही कुणाकडे यायचं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाव, हुद्दा आणि सहीनिशी कागदावर मागा, आणि तो कागद हातात येईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाला नाही म्हणू नका.